शून्य सावलीचा दिवस

दुपारी बाराच्या ठोक्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील कोणत्याही गावी सूर्य नेमका माथ्यावर येण्याचे दिवस वर्षातून दोनच असतात. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशीच लोप पावते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात.

याचे कारण पृथ्वीच्या कलण्यात आहे. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान सरकताना दिसतो. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा व परतताना एकदा प्रत्येक गावाच्या माथ्यावर येतो. कोल्हापुरास हे दिवस ६ मे व ६ ऑगस्ट, पुण्यास १४ मे व २९ जुलै, तर नागपुरास २६ मे व १७ जुलै यांच्या सुमारास येतात.

मध्यान्हाची वेळही गावोगावी निराळी असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि दर अंशास ४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून मे महिन्यात नागपुरास मध्यान्ह सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी, तर मुंबईस १२ वाजून ३५ मिनिटांनी होते.

सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो, हा समजही बरोबर नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या प्रारंभी, ऐन थंडीत. उन्हाळ्यात किरण अधिक सरळ पडतात व दिवस मोठा असतो. उष्णता वाढते ती त्यामुळे.

शून्य सावलीचा पहिला दिवस उन्हाळी सुटीत व दुसरा पावसाळी ढगांत येत असल्याने विद्यार्थ्यांच्या नजरेतून तो सहज निसटतो. म्हणूनच शिक्षकांनी ग्रामपंचायतीच्या साहाय्याने मे महिन्यातच चावडीपुढे वा शाळेच्या पटांगणात हा प्रयोग घडवून आणणे इष्ट ठरेल. सपाट जमिनीवर ओळंबा लावून एक काठी उभी करावी व दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सूर्याकडे मात्र कोणीही थेट पाहू नये. एरवी शाळा भरलेली असताना, २१ मार्चच्या सुमारास, याच काठीने गावाचा अक्षांशही काढता येतो. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य माथ्यापासून जितके अंश ढळलेला असेल, तितकाच गावाचा अक्षांश असतो. यासाठी खर्च काहीच नाही. पाठ्यपुस्तकातील आकृती मात्र मुलांना अंगणात प्रत्यक्ष पाहावयास मिळते.