फुटबॉलची पंचायत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही फुटबॉल म्हटल्यावर ते जरा थबकले. उभा जन्म युनियनच्या कामात घालवलेल्या माणसाने चेंडूवर काय बोलावे? परंतु आम्हांला चेंडूवर बोलायचे नाही. पेठापेठांचे हौशी संघ एकत्र येऊन आपल्या डोक्यावर एक संस्था बसवून घेतात. तिला वर्गणी देतात, तिचा हुकूम मानतात, तिने दिलेली शिक्षा मुकाट्याने भोगतात. हे ते का करतात, आणि करावे तर कोणत्या अटीवर, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. १९९४ साली आम्ही फौंड्रीतल्या पोरांचा एक संघ उभा केला होता. एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, की जिल्ह्याच्या असोसिएशनकडे संघाची रीतसर नोंदणी करा. आम्ही हसून म्हणालो, ‘युनियनची वर्गणी गोळा करतानाच घाम फुटतो, त्यात ही आणखी कशाला?’ पुढे एका गावी जत्रेनिमित्त भरलेल्या सामन्यांत आमचा संघ उतरला. मोल्डिंग खात्यात काम करणारा आमचा गोलरक्षक पुढे झेपावला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. सामने भरवणाऱ्यांनी प्रवेशपत्रिका पुढे केली. तीत छापले होते, की खेळाडू स्वतःच्या जबाबदारीवर खेळेल. आणि खाली सही होती आमची. कारखान्याच्या दारात उभे राहून ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे शेकडो वेळा ओरडून सांगणाऱ्या माणसाने तो कागद वाचला नव्हता. गोलरक्षक तीन महिने बिनपगारी घरी बसला. नोंदणी असती तर हाड मोडले नसते, असे आम्ही म्हणत नाही. पण दाद मागायला एक दार तरी असते.

त्या वेळेपासून अशा संस्थांचे मूळ कोठे आहे, हे आम्ही सवडीने वाचीत आलो. ते मूळ इंग्लंडात शेफील्ड या शहरी सापडते. शेफील्ड म्हणजे चाकू, कात्री आणि पोलादाचे गाव. तेथे १८५७ साली शेफील्ड फुटबॉल क्लब निघाला. आज हयात असलेल्या फुटबॉल क्लबांत तो सर्वांत जुना मानला जातो. तो काढणारे कामगार नव्हते, खाऊनपिऊन सुखी घरांतले तरुण होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण खेळ लवकरच आसपासच्या वस्त्यांत उतरला. १८६७ च्या आरंभी एका नाटकगृहाच्या मालकाने, टॉमस यूडन याने, चषक ठेवला, तेव्हा त्यासाठी बारा संघ पुढे आले. हॅलमच्या संघाने तो जिंकला. त्याच वर्षी या क्लबांनी मिळून शेफील्ड फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. प्रांतिक फुटबॉल संस्थांत ही सर्वांत जुनी.

तेथल्या एका क्लबाचे नाव ‘वेन्सडे’, म्हणजे बुधवार, असे आहे. लहान कारागिरांनी १८२० साली काढलेला हा मूळचा क्रिकेट क्लब. त्यांची आठवड्याची अर्धी सुटी बुधवारी असे, म्हणून हे नाव. हिवाळ्यात मंडळी पांगू नयेत म्हणून १८६७ साली त्यांनी फुटबॉल सुरू केला. हे वाचले तेव्हा आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. इंग्लंडातही १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या, आणि पुढे शनिवारची दुपार ही फुटबॉलचीच वेळ होऊन बसली. मैदान, चेंडू, पंच या गोष्टी मागाहून येतात. आधी लागते ती सुटी.

१८६७ हेच साल शेफील्डच्या कामगार चळवळीतही गाजले. वर्गणी बुडवणाऱ्या कारागिराच्या सहाणेच्या चाकाचे पट्टे रातोरात पळवायचे, कोणाच्या घरी बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवायचा, असे प्रकार तेथे झाले होते. त्यांची सरकारी चौकशी त्या साली बसली आणि एका संघटनेच्या चिटणिसाने कबुलीही दिली. आम्ही त्या कृत्यांचे समर्थन करीत नाही. पण त्या संघटनांच्या पैशाला आणि नियमांना तेव्हा कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १८७१ च्या कायद्याने आले. उघड नियम नसले की शिस्त अंधारात राखली जाते. फुटबॉलवाल्यांनी त्याच गावात, त्याच वर्षी, आपले नियम छापून चारचौघांत ठेवले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांला वाटते.

आता अशी संस्था नेमके करते काय? क्लब तिच्याशी संलग्न होतो आणि वर्षाची फी भरतो. प्रत्येक खेळाडूची नोंद होते, म्हणजे एकच गडी सकाळी एका संघाकडून आणि संध्याकाळी दुसऱ्याकडून उतरू शकत नाही. ती सामन्यांचे वेळापत्रक लावते, पंच तयार करते आणि त्यांची नेमणूक करते. हे शेवटचे काम सर्वांत मोठे. यजमान संघाने आपल्याच मेहुण्याच्या तोंडी शिट्टी दिली, तर पाहुण्या संघाने कोणाकडे पाहावे? मारामारी झाली तर शिस्त समिती बसते, आणि तिचा निर्णय पटला नाही तर वर अपील करता येते. आपल्याकडे क्लबाच्या वर जिल्ह्याची संस्था, तिच्यावर महाराष्ट्राची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर १९३७ साली स्थापन झालेला अखिल भारतीय महासंघ, आणि सर्वांवर १९०४ साली पॅरिसला निघालेली फिफा, अशी ही उतरंड आहे. कोल्हापुरात तालमींचे आणि पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर साखळी सामने खेळतात, त्यांची व्यवस्था कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन पाहते. पेठेचा अभिमान तेथे केवढा कडवा असतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्रयस्थ पंचाचे मोल वेगळे सांगायला नको.

संस्था असली की दुसऱ्या संस्थेशी बोलणी करता येतात, हाही एक लाभ. लंडनची फुटबॉल असोसिएशन १८६३ साली निघाली, पण १८६७ च्या फेब्रुवारीत ती चालू ठेवावी की मोडावी, असा प्रश्न तिच्या अध्यक्षांनीच काढला होता. तिला त्या वेळी शेफील्डने पाठिंब्याचे पत्र धाडले. मात्र आपले नियम शेफील्डने सोडले नाहीत. दहा वर्षे दोन्ही बाजूंची देवाणघेवाण चालू होती. कॉर्नर किक ही शेफील्डची. लंडनने ती १८७२ साली घेतली. बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू आत कसा आणावा, यावर शेवटचा वाद अडला होता. तो तडजोडीने मिटला आणि १८७७ साली दोघांचे नियम एक झाले. आम्ही मालकांशी पुष्कळ करार केले आहेत. आपली सर्वांत चांगली कलमे दुसऱ्याच्या गळी उतरवून मग त्याचे नाव स्वीकारणे, याला आम्ही चांगला करार म्हणतो.

परंतु ज्या हातात शिट्टी आहे, त्याच हातात कुलूपही असते. याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले ‘हौशी’ या शब्दाचे. खेळाचा पैसा घेऊ नये, हा नियम दिसायला सोज्ज्वळ आहे. पण तो ज्यांनी केला त्यांचा खेळामुळे एक दिवसाचाही पगार कापला जात नव्हता. गिरणीतला माणूस दूरच्या सामन्याला गेला की त्याचा खाडा पडे. म्हणून उत्तरेकडचे क्लब गुपचूप पैसे देत. १८८४ साली प्रेस्टनच्या क्लबाला याच कारणावरून चषकाच्या सामन्यांतून काढले, तेव्हा त्याच्या चालकाने ते उघड मान्य केले. लँकेशायरच्या क्लबांनी फुटून वेगळे होण्याची तयारी दाखवली आणि १८८५ साली धंदेवाईक खेळाडूला मान्यता मिळाली. हौशी आणि धंदेवाईक हा भेदच इंग्लंडच्या संस्थेने पुढे १९७४ साली काढून टाकला. आमचे मत असे, की हौस प्रत्येकाला असते. तिची किंमत मात्र कोणाला जास्त पडते आणि कोणाला कमी.

दुसरे उदाहरण बायकांचे. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यातल्या कामकरी मुलींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते, आणि उत्पन्न बेकार माजी सैनिकांसाठी होते. ५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने ठराव केला, की संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. मुलींना शिक्षा केली नाही, दंड केला नाही. फक्त मैदान काढून घेतले. हे कुलूप जवळजवळ पन्नास वर्षे तसेच राहिले.

तेव्हा काय, संस्थाच नको? असे म्हणणारे तरुण आम्हांला युनियनमध्येही भेटतात. त्यांना आम्ही आमच्या गोलरक्षकाची गोष्ट सांगतो. संस्था हवीच, पण सभासद क्लबाने तिच्या सभेला गेले पाहिजे, हिशेब मागितला पाहिजे, शिस्त समितीचा निर्णय कारणांसह लेखी घेतला पाहिजे. जखमी खेळाडूच्या औषधपाण्याची आणि बुडालेल्या मजुरीची काय तरतूद आहे, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी विचारले पाहिजे. मुलींच्या संघाला मैदान कोणत्या वारी, किती तास, हेही विचारले पाहिजे. फी भरून वर्षभर घरी बसणारा क्लब आपला हक्क स्वतःच दुसऱ्याच्या हवाली करतो.

आमच्या त्या गोलरक्षकाचा पाय पुढे सांधला, पण तो पुन्हा गोलात उभा राहिला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही संघाची नोंदणी केली. अर्ज भरायला बसलो तेव्हा त्याने तो आमच्या हातातून घेतला, पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत सर्वांसमोर मोठ्याने वाचला, आणि मगच पेन आमच्या हाती दिले.