काउंटरवर आधी विचारा, मग मागवा

दहावीचा निकाल लागला, थोरल्याला पहिला पगार मिळाला, धाकटीचा वाढदिवस आला की आता वस्तीतल्या घरांतही हट्ट होतो, 'मॉलमध्ये बर्गर खायला जाऊ या.' मॅकडोनल्ड्सने १९९६ साली दिल्ली आणि मुंबईत पहिली दुकानं उघडली, तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. आज जिल्ह्याच्या गावीही अशी दुकानं दिसतात. कधीतरी खाल्ल्याने कुणी आजारी पडत नाही. म्हणून 'खाऊच नका' असं आम्ही म्हणणार नाही. बोलायचं आहे ते काउंटरवरच्या दोन मिनिटांबद्दल.

वरची पाटी इंग्रजीत, मागे रांग, आणि समोरचा मुलगा भराभर विचारतो, "कॉम्बो करू? लार्ज करू? चीज टाकू?" आपण संकोचतो, मान हलवतो. पैसे वाढतात, पोटात जाणारं तेल, मीठ, साखरही वाढते. तो मुलगा हे मनाने विचारत नाही, विक्री वाढावी म्हणून त्याला तसं शिकवलेलं असतं. दिवसभर उभं राहून काम करणारा तोही बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो. त्याच्यावर डाफरू नका. "थांबा, आधी बघू द्या," एवढं म्हणा आणि सावकाश बघा. इंग्रजी वाचता येत नसेल तर त्यालाच मराठीत विचारा.

यात लाजण्यासारखं काही नाही. दुकानं आणि उपाहारगृहांत केवळ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं संविधानाच्या कलम १५(२)मध्ये लिहिलं आहे. विहिरी आणि तलावही त्याच कलमात आहेत. तेव्हा साधं पिण्याचं पाणी मागताना आवाज खाली का करायचा?

आता पाटीवर काय बघायचं ते सांगते. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या कंपन्यांना प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी लिहावी लागते. हा आकडा बारीक अक्षरात असतो, पण असतो. चांगली हालचाल करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. बर्गर, फ्राइज आणि थंड पेय यांचे आकडे जोडून बघा, म्हणजे एका बैठकीत दिवसाचा किती हिस्सा संपतो ते कळेल. त्यातलं थंड पेय सगळ्यात फसवं. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे जवळजवळ आठ चमचे. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली ठेवावी आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी तर मर्यादा आणखी कमी. घरात मधुमेह असेल तर कॉम्बो नको म्हणा, नुसता बर्गर आणि पाणी घ्या. पैसेही वाचतात.

मिठाचंही तसंच. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. आजीला रक्तदाब असेल तर "फ्राइज मीठ न घालता द्या" असं सांगा. तळलेल्या फ्राइजवर मीठ नंतर भुरभुरतात, त्यामुळे हे सहज जमतं. थोडा वेळ थांबावं लागेल, पण हातात गरम ताजे फ्राइज येतील.

तेलाबद्दल एक गोष्ट. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक द्रव्यं तयार होतात. अशा द्रव्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून आहे. हा नियम मॉललाही आहे आणि नाक्यावरच्या वडेवाल्यालाही. काळपट, खवट वासाचं तळण कुठेही मिळालं तरी परत करा.

बिल फेकू नका. त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर असतो. अन्न कच्चं निघालं, वास आला किंवा त्यात काही सापडलं तर खाणं थांबवा, फोटो काढा आणि व्यवस्थापकाला बोलवा. बदलून दिलं नाही किंवा कुणी उर्मटपणे बोललं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही तक्रार करता येते. बसून खायच्या हॉटेलांत कधी बिलात 'सर्व्हिस चार्ज' जोडलेला असतो. तो सक्तीचा नाही, काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

घरच्यांसाठी पार्सल आणणार असाल तर ते सगळ्यात शेवटी घ्या, खरेदी आणि फिरणं आटोपल्यावर. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर आणखी कमी. घरी आल्यावर बर्गर तव्यावर झाकण ठेवून आतपर्यंत चांगला गरम करा आणि त्याच संध्याकाळी संपवा. सकाळी डब्यात देऊ नका.