आवारातील काँक्रीट रस्ता

सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या आवारातील वाहनघर, छोटी कर्मशाळा किंवा कोठार यांच्या दारापर्यंत वाहने नेण्यासाठी जमिनीवर ओतलेली काँक्रीटची लादी. घराच्या बांधकामात हा भाग सर्वांत शेवटी व पुष्कळदा उरल्यासुरल्या मालातून उरकला जातो आणि इमारतीच्या काँक्रीटला जे नियम काटेकोरपणे लावतात ते येथे सैल पडतात. वस्तुतः या लादीची परिस्थिती छतापेक्षाही कठीण असते. तिला खालून ओल, वरून ऊन व पाऊस आणि मधूनमधून लेथसारखे अवजड यंत्र घेऊन येणाऱ्या टेंपोचे चाक सोसावे लागते. शिवाय तिच्याखालची जमीन ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त हलत असते. काँक्रीटचे ताण सोसण्याचे सामर्थ्य त्याच्या दाब सोसण्याच्या सामर्थ्याच्या सुमारे एकदशांशच असल्याने अशा लादीला भेग पडणे टळत नाही. ती कोठे पडावी हे मात्र आधी ठरविता येते व या कामातील बहुतेक कौशल्य त्यातच आहे.

जमीन व भराव : दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमातीची खनिजे असतात. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर सरळ ओतलेली लादी पहिल्या एकदोन वर्षांतच कडेला उचलली जाते वा मध्यभागी पोकळ राहते आणि सिमेंट कितीही घातले तरी हा दोष जात नाही. म्हणून काळी माती शक्य तितकी उकरून काढून तेथे मुरूम भरतात. भराव एकदम न करता १० ते १५ सेंमी.चे थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी शिंपून तो रुळाने किंवा धुम्मसाने ठोकतात. त्यावर १० सेंमी. जाडीचा खडीचा थर दाबून बसवितात. कोकणातील जांभ्याच्या कठीण जमिनीवर इतके खोदकाम बहुधा लागत नाही. तेथे पावसाचे पाणी लादीखाली न शिरू देणे हीच मुख्य चिंता असते. दोन्हीकडे पृष्ठाला कर्मशाळेच्या दारापासून बाहेरच्या बाजूस ५० मी.ला १ मी. इतका उतार देणे व कडेने पाण्याला वाट करून देणे आवश्यक असते. खडीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरल्यास ताज्या काँक्रीटमधील पाणी खाली झिरपत नाही व लादी आक्रसताना खालच्या थरावर सहज सरकू शकते.

जाडी : फक्त मोटारगाडी येणार असेल, तर १० सेंमी. जाडी पुरते. भरलेला टेंपो वा मालमोटार येणार असल्यास १२·५ ते १५ सेंमी. जाडी ठेवतात. लादीचे वाकण्यास होणारे विरोधन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १० ऐवजी १२·५ सेंमी. जाडी घेतली की ते सुमारे दीडपटीहून अधिक होते. यंत्राचा खर्च केलेल्या माणसाने या अडीच सेंमी.त काटकसर करावी, हे मात्र नेहमी पाहावयास मिळते. चाक लादीच्या मध्यावर असता ताण सर्वांत कमी आणि कडेवर व मोकळ्या कोपऱ्यावर अधिक असतो, असे एच्. एम्. वेस्टरगार्ड यांनी १९२६ साली गणिताने दाखविले. यामुळे सार्वजनिक रस्त्याला मिळणारी कड व कर्मशाळेचा उंबरठा या दोन ठिकाणी लादी थोडी अधिक जाड करणे हिताचे असते.

मिश्रण व पाणी : सिमेंट, वाळू व खडी १ : १·५ : ३ या घनफळाच्या प्रमाणात घेतल्यास एक घ.मी. काँक्रीटला ५० किग्रॅ.च्या सुमारे ८ गोण्या लागतात. उदा., १२ मी. लांब, ३ मी. रुंद व १२·५ सेंमी. जाड लादीचे घनफळ ४·५ घ.मी. असते व तिला सुमारे ३६ गोण्या सिमेंट लागेल. हा हिशोब सर्वजण करतात. पाण्याचा हिशोब मात्र सहसा कोणी करीत नाही आणि लादीचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. डफ एब्रम्ज यांनी १९१८ साली शिकागो येथे केलेल्या प्रयोगांवरून असे दाखवून दिले की, कालविण्याजोग्या काँक्रीटचे सामर्थ्य मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. सिमेंटची पाण्याशी होणारी रासायनिक विक्रिया पुरी होण्यास गोणीमागे सुमारे २० लि. पाणी पुरेसे असते. त्याहून अधिकचे पाणी केवळ मिश्रण हलविणे सोपे व्हावे म्हणून घालतात. ते पुढे उडून जाते व मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. गोणीमागे २५ लि. ही मर्यादा पाळावी. ३० लि. घातल्यास सामर्थ्य सुमारे एकपंचमांशाने घटते. मजुरांना पातळ माल ओढणे सोपे जाते आणि तो पृष्ठावर गुळगुळीतही दिसतो, त्यामुळे कामावर उभ्या असलेल्या मालकालाही हे पटवून देणे अवघड जाते.

ओलसर वाळूत पाणी आधीच असते, हे विसरले जाते. एका गोणीबरोबर लागणाऱ्या वाळूत ५% ओल असली तरी सुमारे ४ लि. पाणी त्यातून येते व तेवढे वरच्या पाण्यातून वजा करावयास हवे. शिवाय ओल्या वाळूचे घनफळ फुगून पाव हिश्शापर्यंत वाढू शकते. तेव्हा ती घमेल्याने मापल्यास प्रत्यक्षात कमी पडते. दगड दळून केलेल्या वाळूत भुकटीचे प्रमाण जास्त असल्यास पाण्याची मागणी वाढते, म्हणून ती धुतलेली घेणे इष्ट. कारखान्यातून तयार काँक्रीट मागविल्यास मापातील चुका टळतात. परंतु गाडी दाराशी आल्यावर नळीने त्यात पाणी सोडले की तो लाभ तेथेच संपतो.

सांधे : कठीण होताना व वाळताना काँक्रीट सुमारे ०·०३% आक्रसते, म्हणजे ६ मी. लांबीत जवळजवळ २ मिमी. तापमान ३०° से.ने उतरले, तर साधारण तेवढेच आणखी. खालच्या जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे हे आक्रसणे अडते व लादी फाटते. म्हणून जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर पृष्ठात जाडीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश खोलीचा काप घेऊन ती जागा मुद्दाम कमकुवत करतात. वरील उदाहरणात ३ मी. वर एक याप्रमाणे तीन काप घेतले, तर चार चौरस भाग होतात. लांबट भाग मध्येच तडकतो, म्हणून चौरसाजवळचा आकार पसंत करतात. काप ताज्या काँक्रीटमध्ये पट्टी दाबून किंवा नंतर करवतीने घेतात. करवतीचे काम कडा न ढासळण्याइतके काँक्रीट घट्ट होताच करावे लागते. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसावर ठेवल्यास भेग बहुधा आधीच आपली वाट धरते. इमारतीची भिंत, खांब वा गटाराचे झाकण यांच्याशी लादी जोडू नये. तेथे सुमारे १२ मिमी. जाडीची डांबरी पट्टी पूर्ण खोलीभर उभी ठेवतात.

पोलादी जाळी भेग थांबवीत नाही, पडलेली भेग रुंदावू देत नाही, आणि तेही ती लादीच्या वरच्या अर्ध्या भागात असेल तरच. जाळी जमिनीवर पसरून काँक्रीट ओतताना आकड्याने वर ओढण्याची सर्रास चाल आहे. ती बहुतेक पायांखाली पुन्हा तळाला जाते व निरुपयोगी ठरते. जाळीखाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे.

ओतणे व पृष्ठ करणे : काम सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात करावे. खडीचा थर आधी ओला करतात, पण त्यावर पाणी साचू देत नाहीत. माल एका टोकापासून सलग टाकून सरळ पट्टीने फळ्यांच्या काठांवर समपातळीत ओढतात. त्यानंतर काही वेळाने पृष्ठावर पाणी तरंगते. ते नाहीसे होईपर्यंत थापी लावू नये. पाणी असतानाच घोटल्यास वर सिमेंटची दुबळी साय जमते व वर्षभरात तिचे पोपडे निघतात. ते पाणी शोषून घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरण्याची गवंड्यांची सवय याच कारणाने वाईट. शेवटी खराट्याने उताराला आडव्या रेषा ओढतात, म्हणजे पावसात चाक घसरत नाही. आरशासारखे घोटलेले पृष्ठ कर्मशाळेच्या आत ठीक, बाहेर नव्हे.

ओल राखणे : पृष्ठ बोटाने न उमटण्याइतके घट्ट झाले की ओल्या गोणपाटाने झाकतात व दुसऱ्या दिवसापासून मातीचे आळे करून पाणी भरून ठेवतात. भारतीय मानक ४५६ (२०००) अनुसार साध्या सिमेंटसाठी निदान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किंवा राखमिश्रित सिमेंटसाठी निदान १० दिवस ओल राखावी लागते. गोणीतून विकले जाणारे सिमेंट अनेकदा राखमिश्रितच असते. दिवसातून दोनदा पाणी मारून मध्ये लादी वाळू देणे पुरेसे नाही. ओतल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत कोरडा वारा असला, तर घट्ट होण्यापूर्वीच पृष्ठावर वेड्यावाकड्या उथळ भेगा पडतात. त्यांवर वाऱ्याला आडोसा करणे व ओतताच प्लॅस्टिकने झाकणे हाच उपाय.

सातव्या दिवशी साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये अट्ठावीस दिवसांच्या सामर्थ्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग आलेला असतो. तोपर्यंत पायी जाण्यास हरकत नाही. हलकी मोटार त्यानंतर आणावी आणि यंत्र घेऊन येणारे अवजड वाहन अट्ठाविसाव्या दिवसापर्यंत बाहेरच थांबवावे. कापांमध्ये धूळ व खडे शिरू नयेत म्हणून पृष्ठ पूर्ण वाळल्यावर ते डांबरी मिश्रणाने भरतात आणि दर काही वर्षांनी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, पुन्हा भरून घेतात.