वाड्याचा वाटेकरी मीरा रोडला राहतो

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आलं ते १९८५ साली. त्याच वर्षी इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. योगायोगच. पण नाटकातला वाडा ज्या काळात ओस पडत होता, त्याच काळात गावाकडची माणसं इथल्या इमारतींमध्ये बिऱ्हाडं थाटत होती.

विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे. घरातले कर्ते तात्याजी वारतात आणि मुंबईला नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुधीर, बायको अंजलीला घेऊन घरी येतो. वाड्याच्या इभ्रतीला शोभेल अशी तेरवी झाली पाहिजे, पण पैसा आणायचा कुठून? सगळं नाटक एवढ्या एका प्रश्नातून उलगडतं. खलनायक कुणीच नाही. बहीण प्रभाचं शिक्षण कधीचंच थांबलंय, भाऊ चंदू घरातल्या गड्यासारखा राबतोय, थोरला भास्कर रुबाब सांभाळतोय, आणि घराण्याचं उरलंसुरलं सोनं एका पेटीत आहे.

थॉर्नटन वाइल्डरच्या ‘अवर टाउन’मध्ये (१९३८) छोट्या अमेरिकन गावाचं रोजचं जगणं आहे, पण नेपथ्य जवळजवळ नाहीच. टेबलं, खुर्च्या, शिड्या. बाकीचं गाव प्रेक्षकाने मनात उभं करायचं. एलकुंचवारांच्या नाटकाचं तसं करून भागत नाही, कारण इथे वस्तू बोलतात. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर कुणी हलवत नाही. गंजत पडलेल्या त्या धुडाला वळसा घालूनच जायचं. शेतीत नवं काही करायची उमेद कशी संपली, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. रात्री भास्करची बायको, म्हणजे वहिनी, पेटीतले ते दागिने अंगावर चढवते, तेव्हा घराण्याचं गेलेलं वैभव काही क्षण आपल्याला दिसतं. पुढे तिची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते, ती हेच सोनं घेऊन. आणि तात्याजींची म्हातारी आई, दादी? ती सारखी वेळ विचारत राहते.

भाषेकडेही कान द्यायला हवा. घरच्यांची वऱ्हाडी आणि कोकणातल्या अंजलीची मराठी यांच्यामध्ये सुधीर सारखा ये-जा करतो. तो कोणत्या घरचा, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही.

पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून एलकुंचवारांनी ही कथा पुरी केली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग उभी केली, तेव्हा प्रयोग आठ-नऊ तास चालायचा.

मीरा रोडला आता लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे कधी ‘वाडा’ लागला, तर ‘बिचारे गावाकडचे’ म्हणून हळहळू नका. सुधीरवर नजर ठेवा. वाड्यातल्यांना वाटतं, मुंबईकराकडे पैसा आहे. मुंबईकराला वाटतं, गावी धान्य आहे, सोनं आहे. दोन्ही हिशेब चुकीचे निघतात. गावच्या सातबाऱ्यावर नाव आणि इथे फ्लॅटचा हप्ता, अशा प्रेक्षकाला हे भांडण कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या घरी ते कधी निघणार, एवढाच प्रश्न असतो.