आपत्तींत सांपडलेलीं मुलें व गांवाचें कर्तव्य

पूर ओसरला म्हणजे शेतकरी प्रथम बांध पाहतो, विहीर पाहतो, दावणीचीं जनावरें मोजतो. हें योग्यच आहे. परंतु शाळेच्या पडवींत आसऱ्यास आलेल्या मुलांची मोजदाद कोणी केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच गोष्टीकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठण व गोदाकांठच्या कित्येक कुटुंबांस घरें सोडून सुरक्षित जागीं जावें लागलें. त्याआधीं ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. त्या प्रसंगीं शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें सुमारें १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. हें काम मोठें खरें. पण पहिल्या दोन-चार दिवसांतील काम गांवालाच करावें लागतें.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. एका पुराच्या वेळीं शाळेंत उतरलेल्या लोकांची यादी आमच्याच हातची होती. एका रकान्यांत कुटुंबप्रमुखाचें नांव, पुढें माणसांचा केवळ आंकडा. दुसऱ्या दिवशीं धान्य वांटतांना दिसून आलें कीं, सहा-सात वर्षांची एक मुलगी दोन कुटुंबांच्या आंकड्यांत धरली गेली होती, आणि ती दोहोंपैकीं एकाचीही नव्हती. तिची आई नदीपलीकडे दुसऱ्या आसऱ्यांत तिचा शोध करीत होती. दोन रात्री ती मुलगी अनोळखी माणसांत निजली. कांहीं विपरीत घडलें नाहीं, हें तिचें दैव. आमच्या यादीचें त्यांत श्रेय नव्हतें. दुष्काळांतील चारा छावणींत आलेल्या जनावराची नोंद होते. मग मुलाचीच नोंद आंकड्यांत कां विरून जावी?

यासाठीं पहिली गोष्ट म्हणजे मुलांची वेगळी यादी. तींत मुलाचें नांव, वय, आईबापांचीं नांवें, मूळ गांव आणि तें कोणाबरोबर आलें, हें लिहावें. मूल बाहेर नेणाऱ्याचें नांव, नातें व सही घेतल्यावांचून त्यास नेऊं देऊं नये. दुसरी गोष्ट, बायामुलांस निजण्याची निराळी जागा व शौचकूपाच्या वाटेवर रात्रभर दिवा. तिसरी, उकळलेलें पाणी व लहानग्यांस वेळेवर अन्न. थोरांची पंगत उठेपर्यंत त्यांस ताटकळत ठेवूं नये. चौथी, शाळा. इमारत आसऱ्यास दिली म्हणून शिक्षण थांबूं नये. झाडाखालीं दोन तास वर्ग भरला तरी मुलांचें मन स्थिर होतें व तीं नजरेखालीं राहतात.

कायदाही या बाबतींत स्पष्ट आहे. आपत्ति व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार व स्वच्छता यांबरोबर विधवा व अनाथ यांच्यासाठीं विशेष तरतूद सांगितली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणें एकटें सांपडलेलें मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आंत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे. १०९८ या क्रमांकावर खबर देतां येते. कोणी दयेपोटीं परस्पर मूल घरीं नेऊं लागला, तर त्याचा हेतु चांगला असला तरी मार्ग कायद्याचा नव्हे.

आतां जमिनीविषयीं. बाप मेल्यावर मुलाचें नांव सातबाऱ्यावर चढतें व पुढें ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून वडीलधाऱ्याचें नांव लागतें. हा पालनकर्ता मालक नव्हे, राखणदार आहे. हिंदु अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वयें अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवांचून आईबापांसही विकतां वा गहाण ठेवतां येत नाहीं; चुलता-मामांस तर केवळ नात्याच्या जोरावर तो अधिकारच पोहोंचत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्शाचे नियम निराळे आहेत, ते जाणत्यास विचारावे. असें शेत स्वस्तांत मिळतें म्हणून घेणाऱ्यानेंही सावध असावें. मुलगा सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागूं शकतो. मदतीची रक्कमही मुलाच्याच नांवें बँकेंत ठेवावी.

आपत्ति सांगून येत नाहीं. पण पावसाळा दरवर्षीं येतो. मृगापूर्वीं आपण बियाणें पाहतों, औतें दुरुस्त करतों. त्याच सुमारास ग्रामसभा भरवून पुरांत आसरा कोठें द्यावयाचा, मुलांची यादी कोण लिहील व रात्रीं त्यांच्याजवळ कोणत्या दोन बाया राहतील, हें ठरवून ठेवावें. यास एक कोरी वही व एक सायंकाळ एवढाच खर्च आहे. ज्या गांवीं ही वही तयार असेल, तेथील आईस आपलें मूल शोधीत शाळा पालथ्या घालाव्या लागणार नाहींत.