सेवा वाट्याला, शेत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांचे सातबारे चाळले, तर एखाद्या गटावर ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ अशी नोंद हमखास भेटते. जमीन देवाची, वहिवाट बहुधा गुरवाची. त्याने पूजाअर्चा, दिवाबत्ती सांभाळायची आणि रानात पिकेल ते खायचे. रान विकायचे मात्र नाही. सेवा आणि शेत यांची गाठ आपल्याकडे इतकी जुनी की जमिनीशिवाय देवाचे काम कसे चालेल, असा प्रश्न सहसा पडत नाही. यहुदी धर्मग्रंथाने जमिनीशिवाय सेवेचा तोच प्रयोग केला. इस्राएली लोकांतल्या लेवीच्या वंशाला देवाची सेवा दिली आणि शेत मुद्दाम नाकारले.

आधी कामाची वाटणी. ती ‘गणना’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्या अध्यायांत आहे आणि एखाद्या चोख कारकुनाने लिहावी इतकी बारीक आहे. इस्राएली लोक अरण्यात तळ हलवत फिरत होते, म्हणून त्यांचे मंदिरही सुटे होणारे, निवासमंडप. तो उतरवणे, वाहणे, पुन्हा उभारणे लेव्यांच्या तीन घराण्यांकडे. गेर्षोनाकडे पडदे आणि कनाती. त्यांना 2 गाड्या, 4 बैल. मरारीकडे फळ्या, खांब, अडसर, बैठका, म्हणजे खरे वजन. त्यांना 4 गाड्या, 8 बैल. कोणता नग कोणी उचलायचा तेही नावनिशीवार. कहाथाच्या घराण्याकडे सर्वांत पवित्र वस्तू: कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या. त्यांना मात्र एकही गाडी नाही, सगळे खांद्यावरून. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी खांद्यावर तोलणाऱ्याला याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

कहाथींचा मान मोठा, तसा धाकही मोठा. तळ हलायचा तेव्हा अहरोन आणि त्याचे मुलगे, म्हणजे याजक, आधी आत जात. कोश अंतरपटाने झाकायचा, वर कातडे, त्यावर निळे कापड, मग दांडे घालायचे. त्यानंतरच कहाथींनी यायचे. पवित्र वस्तूला हात लागला, किंवा ती क्षणभर नजरेस पडली, तरी मरण. काम करायचे वय 30 ते 50; असे पुरुष तिन्ही घराण्यांत मिळून 8,580 भरले. पन्नाशीनंतर ओझे सुटे, भावांना राखणीत मदत करायची मुभा राही.

हे सगळ्यांना पटले असे नाही. कोरह स्वतः कहाथीच. सारी मंडळी पवित्र आहे, मग पुढारी मोशे आणि याजक अहरोनच वर का, असे त्याने विचारले. ग्रंथ सांगतो, त्याला जमिनीने गिळले. (अंबाबाईच्या पूजेचा वंशपरंपरागत हक्क वादात आला तेव्हा प्रकरण विधिमंडळात गेले आणि 2018 मध्ये पगारी पुजाऱ्यांचा कायदा झाला. काळ बदलला की दादही वेगळ्या दारी मागतात.) कोरहाचे मुलगे मात्र वाचले. स्तोत्रसंहितेतली काही गीते त्यांच्याच वंशाच्या नावावर आहेत. बंडखोराचे घराणे पुसून टाकले नाही, हे मला त्या ग्रंथाचे मोठेपण वाटते.

आता पोटाचे. लेव्यांना राहायला 48 नगरे आणि भोवतीची गायराने. बाकी वंशांनी उत्पन्नाचा दशमांश त्यांना द्यायचा, त्यातला दहावा हिस्सा त्यांनी याजकांना. इनामदार गुरवाने पावसाकडे डोळे लावायचे, तर लेव्याने शेजाऱ्याच्या खळ्याकडे.

हा दुवा कच्चाच होता. कित्येक शतकांनी इस्राएली लोकांची पहिली तुकडी बाबेलच्या बंदिवासातून परतली तिच्यात याजक चार हजारांवर आणि लेवी अवघे 74, गायक व द्वारपाळ वेगळे. पुढे शास्त्री एज्रा बाबेलहून निघाला, अहवा नदीकाठी तळ देऊन मोजणी केली, तर लेवी एकही नाही. माणसे धाडून 38 जमवले. यहूदाचा सुभेदार नहेम्या यरुशलेमेत दुसऱ्यांदा आला तेव्हा मंदिराच्या कोठाराची खोली त्याचा विरोधक तोबीया याला देऊन टाकलेली, लेव्यांचे वाटे थकलेले, आणि लेवी व गायक आपापल्या शेतावर निघून गेलेले. ज्यांना जमीन नाकारली होती, त्यांच्याकडे तोवर शेते आली होती! नहेम्याने त्यांना बेइमान म्हटले नाही. त्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतले, लेव्यांना जागेवर आणून उभे केले, आणि धान्य, द्राक्षारस, तेल पुन्हा येऊ लागल्यावर वाटपासाठी भरवशाचे लोक नेमले: याजक शलेम्या, लेखक सादोक, लेवी पदाया आणि त्यांच्या हाताखाली हानान.