विजेचा टूथब्रश: आधी हेडची चौकशी करा

मेडिकल व जनरल स्टोअर चालविणाऱ्या बांधवांनी विजेचा टूथब्रश विक्रीस ठेवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दांडी एकदाच विकली जाते. हेड मात्र साधारण दर 3 महिन्यांनी बदलावे लागते. एका कंपनीचे हेड दुसऱ्या कंपनीच्या दांडीवर सहसा बसत नाही. हेड मिळेनासे झाले की गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात आणि दुकानावरचा भरवसाही उडतो. म्हणून ज्याची हेड नियमित मिळतात तोच माल घ्यावा, असे आम्ही सुचवितो.

वापरही समजावून द्यावा. साध्या ब्रशप्रमाणे हा घासायचा नसतो. हिरडीच्या कडेला हलका टेकवून एकेका दातावरून सावकाश न्यावा. एकूण 2 मिनिटे. जोर दिल्यास हिरड्या दुखावतात आणि बोल मालाला लागतो. नीट समजावलेले गिऱ्हाईक हेड घ्यायला आपल्याच दुकानी परत येते.